लोखंड आकसलं

"ही आमची माती कालवणारी बाई."

मोठे सर, म्हणजे आमचे विभागप्रमुख, असं म्हणाले आणि पाहुणे हसले. फार नाही. सभ्य माणसं हसतात तेवढंच.

मी प्रयोगशाळेच्या मधोमध उभी होते. हातात मातीचा ट्रे. कोपरापर्यंत काळी माती, थोडी वाळलेली, थोडी ओली. समोर नवं यंत्र, त्याला झेंडूचा हार. त्या दिवशी त्याचं उद्घाटन होतं. पुण्याहून पाहुणे आले होते, संस्थेचे विश्वस्त आले होते. त्यातल्या एका म्हाताऱ्या इंजिनिअर पाहुण्यांनी भिंतीवरचा तक्ता चष्मा वर करून नीट वाचला आणि विचारलं, "हे कॅलिब्रेशन कुणी केलं? फार स्वच्छ काम आहे."

तक्ता माझ्या अक्षरात होता. चार महिन्यांचं काम.

मोठे सर म्हणाले, "माझ्या मुलांनी. पीएचडीची मुलं आहेत माझी."

पाहुण्यांची नजर मग माझ्यावर आली. मीच तिथं एकटी हार-तुरे न घातलेली. त्यांनी विचारलं, "आणि या?"

तेव्हा सर ते वाक्य बोलले. आणि तिथंच थांबले नाहीत. म्हणाले, "यांच्याकडं ते पिढीजात असतं. मातीत हात घालायचं. आपल्याला नाही जमायचं."

मग माझ्याकडं न बघता मला म्हणाले, "ट्रे ठेवा आणि बाहेर थांबा. यंत्राजवळ येऊ नका. हात ओले आहेत तुमचे."

मी ट्रे ठेवला. बाहेर गेले. व्हरांड्यात उभी राहिले. आतून टाळ्या ऐकू आल्या.

मी का गेले, हे मी स्वतःला आजवर शंभरदा विचारलं असेल. उत्तर सोपं आहे. मला जा म्हटल्यावर जायची सवय होती.

मी जामखेडकडची. गावाकडं आमचं घर ख्रिस्ती. माझ्या पणजोबांनी धर्म बदलला तो जात सुटावी म्हणून. कागदावर सुटली. त्यामुळं सवलत मिळाली नाही, आणि माणसांच्या डोक्यातून ती कधी गेली नाही. शाळेत मास्तर आडनाव विचारायचे. मग गाव विचारायचे. मग गावात घर कुठल्या बाजूला, ते विचारायचे. तिथं त्यांचं समाधान व्हायचं.

बाप विहिरी खोदायच्या कामावर होता. मी लहान असतानाच गेला. आईनं दुसऱ्यांच्या भिंती लिंपून मला वाढवलं. तिच्या हातची भिंत गुळगुळीत व्हायची, म्हणून गावातले मोठे लोक तिलाच बोलवायचे. अख्खं घर बाहेरून तिच्या हातचं. पाणी मागितलं तर ओंजळीत, वरून. हे मी पाहिलंय. बादलीत माती कालवत मी तिच्याजवळ बसलेली असायचे.

पुढं मी मिशनच्या वसतिगृहात राहून शिकले. स्थापत्यची पदविका केली. नगरला या खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात प्रयोगशाळा सहायक म्हणून लागले. आईला आणून भाड्याच्या दोन खोल्यांत ठेवलं. आता नगरचं अहिल्यानगर झालंय, आई अजून नगरच म्हणते, मीही.

यंत्राचं थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आपल्याकडची काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते. घरांना तडे जातात ते त्यानं. माती वाळत जाते तसतशी आतलं उरलेलं पाणी जास्त ओढून धरते. त्या ओढीला आमच्या कामात सक्शन म्हणतात. हे यंत्र ती ओढ माणसाच्या हातात देतं. मातीची चकती आत ठेवायची. तिच्याखाली चिनी मातीची एक तबकडी. ती पाणी जाऊ देते, हवा जाऊ देत नाही. झाकण लावून आत हवेचा दाब द्यायचा. दाब चढवला की मातीतलं पाणी खालून निघून जातं. दाब उतरवला की माती पाणी परत ओढते आणि फुगते. किती फुगली ते झाकणावर बसवलेला काटा दाखवतो.

आता मेख अशी की दाबानं झाकणसुद्धा केसभर वर उचललं जातं. दाब उतरवला की ते खाली बसतं, आणि काट्याला वाटतं माती फुगली. म्हणून आधी यंत्र स्वतः किती हलतं ते मोजून ठेवावं लागतं. तेच कॅलिब्रेशन. मातीच्या जागी लोखंडाचा ठोकळा ठेवायचा. लोखंड पाणी पीत नाही, फुगत नाही. मग काट्यावर जे दिसेल ते सगळं यंत्राचं. त्याचं कोष्टक करायचं आणि मातीच्या प्रत्येक आकड्यातून ते वजा करायचं. एवढंच. पण हे चुकलं तर पुढचं सगळं चुकलं.

यंत्राबरोबर आलेला ठोकळा आमच्या भांड्यात बसेना. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये शेखचाचा होते, लेथवर त्यांचा हात बसलेला. त्यांनी तीन दिवस घालवून नवा ठोकळा काढला. माझ्या हातात देताना म्हणाले, "बेटा, ह्याच्यात तोंड बघ." खरंच दिसलं.

त्या ठोकळ्यावर मी चार महिने काम केलं. दाबाचे काटे प्रमाणित काट्याला लावून पाहिले. तबकडी पाण्यानं पूर्ण भरून घेतली. तिच्याखाली हवेचे बुडबुडे साठतात, ते रोज काढावे लागतात, रविवारीसुद्धा. रविवारची उपासना सोडून मी कॉलेजात यायचे. पाळकसाहेबांनी दोनदा विचारलं, बाई, दिसत नाही तुम्ही. मी सांगितलं, बुडबुडे काढायला जाते. त्यांना वाटलं मी थट्टा करते.

पीएचडीची मुलं आठवड्यातून एकदा यायची. वही उचलून फोटो काढून न्यायची.

उद्घाटनाच्या दिवशी घरी आले आणि आईला सगळं सांगितलं. मला वाटलं ती चिडेल. ती तांदूळ निवडत होती. निवडतच राहिली.

"मग त्यानं खोटं काय सांगितलं?" ती म्हणाली. "माती तर कालवतीस."

मला तिचा राग आला. मी उठले. तेव्हा तिनं ताट खाली ठेवलं.

"कालवनं वाईट न्हाई. त्यानं तेवढंच सांगितलं, ते वाईट हाय."

मग ती आणखी एक बोलली. "मी जन्मभर गप बसले. तुला बसायचं आसंल तर बस. पर मग मला येऊन सांगू नको."

त्या रात्री मला झोप आली नाही असं काही झालं नाही. झोप आली. पण सकाळी उठले ती दुसरीच कुणीतरी उठले.

दुसऱ्या दिवसापासून मी वहीच्या प्रत्येक पानावर सही करायला लागले. नाव, वेळ, सही. आठवड्यानं मोठ्या सरांनी वही पाहिली.

"सह्या कशाला?"

"काम मी केलं म्हणून, सर."

त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि माझ्या सहीवर आडवी रेघ मारली. एका पानावर नाही. सगळ्या पानांवर. सावकाश, एकेक पान उलटत. मी समोर उभी. शेवटचं पान झाल्यावर पेनाला टोपण लावलं आणि वही माझ्याकडं सरकवली.

काही महिन्यांनी त्या आकड्यांवर त्यांचा लेख छापून आला. तीन नावं होती. शेवटी आभार मानले होते, त्यात यंत्र देणाऱ्या कंपनीचंही नाव होतं. माझं नव्हतं.

मी कापड बाजारात जाऊन कार्बनची वही घेतली. वरचं पान प्रयोगशाळेत राहायचं, त्यावर त्यांनी हव्या तेवढ्या रेघा माराव्यात. खालचं पान माझ्या घरी, पत्र्याच्या पेटीत. अशी मी दोन वर्षं काढली. बोलले काही नाही. "हो सर" म्हणत राहिले. त्यांना वाटलं बाई वठणीवर आली. मी शिकत होते. यंत्रातला एकेक स्क्रू, एकेक वॉशर. कॉलेजात त्या यंत्राला माझ्याइतकं ओळखणारं कुणी उरलं नव्हतं आणि ते मला पक्कं माहीत होतं. खोटं कशाला सांगू, मी वाट पाहत होते. कशाची ते तेव्हा माहीत नव्हतं.

मग झाकण गेलं.

दाबाचा व्हॉल्व्ह एका सकाळी अडकला, दाब एकदम चढला आणि झाकणाला बोल्टाच्या भोकापासून चीर गेली. कंपनीकडून नवं यायला वेळ लागणार होता. शेखचाचांनी वर्कशॉपात नवं झाकण बनवलं. जुन्यापेक्षा जाड. म्हणाले, "आता हत्ती बसव ह्याच्यावर."

जाड झाकण म्हणजे कमी उचललं जाणारं झाकण. म्हणजे जुनं कोष्टक रद्द. मी सरांना जाऊन सांगितलं, नवं कोष्टक करावं लागेल, दोन दिवस द्या.

ते संगणकावरून नजर न काढता म्हणाले, "झाकण ते झाकण. तुम्ही आकडे घ्या. विचार करायला आम्ही आहोत."

मी तरीही ठोकळा लावला. दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत आणि संध्याकाळी थांबून नवं कोष्टक काढलं. जुन्याशी लावून पाहिलं. फरक थोडा नव्हता. जुनं झाकण जितकं हलायचं, नवं त्याच्या निम्म्यानंही हलत नव्हतं. जुनं कोष्टक वापरलं तर मातीच्या आकड्यातून गरजेपेक्षा जास्त वजा होणार, आणि फुगणारी माती कागदावर गरीब दिसणार. कोष्टकाची प्रत मी सरांच्या टेबलावर ठेवली. ती दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या डब्यात दिसली. घडी तशीच होती. उघडलीही नव्हती.

त्याच सुमाराला काष्टीकडचं काम आलं. एका संस्थेला मुलींचं वसतिगृह बांधायचं होतं, तीन मजली. पाया कसा घ्यायचा ते आमच्या चाचणीवर ठरणार होतं. मातीचे नमुने आणायला टेम्पोतून मीच गेले. मे महिना होता. उसाच्या रानाला लागून मोकळी जमीन, आणि तिला पडलेल्या भेगा. एका भेगेत मी हात घातला तर मनगट आत गेलं. चुन्याच्या रेघा मारून खुंट्या ठोकलेल्या होत्या. जिथं खोल्या होणार तिथं.

मी तिथं जरा वेळ उभी राहिले. मिशनच्या वसतिगृहात माझी कॉट भिंतीला लागून होती आणि भिंतीत अशीच भेग होती. आम्ही तिच्यात चिंध्या कोंबायचो. एका पावसाळ्यात न्हाणीघराची भिंत बसली. आत सुमन होती, माझ्या वर्गातली. पायावर भिंत. पाय राहिला, पण ती पुन्हा सरळ चालली नाही. तेव्हा आम्हाला सांगण्यात आलं, देवाची इच्छा. नंतर पदविकेला माती शिकले तेव्हा कळलं, देवाचा काही संबंध नव्हता. कुणीतरी तपासलं नव्हतं.

काष्टीची माती यंत्रात दोन महिने होती. एकेक पायरीला ती आठवडाभर घ्यायची. मी आयुष्यात इतकी फुगणारी माती पाहिली नव्हती. आकडे घेतले, कार्बनवर. सरांनी त्यातून जुनं कोष्टक वजा केलं. अहवालात आलं, माती मध्यम फुगणारी, साधा पाया चालेल.

मला विचारलं तर त्यांना कुणी विकत घेतलं नव्हतं. घाई होती, एवढं खरं. पण खरं कारण मला वेगळं वाटतं. नवं कोष्टक माझ्या अक्षरात होतं. ते वापरायचं तर ते कुणी केलं हे सांगावं लागलं असतं. त्या मुली भेगांवर झोपल्या असत्या, पण माझं नाव घ्यायचं नव्हतं.

अहवालाच्या शेवटी एक ओळ असते, कॅलिब्रेशन तपासणाऱ्याची सही. सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. कागद पुढं केला. पेनसुद्धा पुढं केलं, तेच, टोपणाचं.

इतकी वर्षं माझी सही नको होती. आता हवी होती. जबाबदारीच्या ओळीवर.

मी कागद वाचला. सगळा वाचला, त्यांना वाट पाहायला लावून. मग खाली ठेवला.

"या कागदावर माझी सही मिळणार नाही, सर."

"का?"

"कोष्टक जुनं आहे. आकडे खोटे आहेत."

ते खुर्चीत मागं टेकले. रागावले नाहीत. हसले. "तुमच्या सहीला विचारतंय कोण?" म्हणाले. आणि माझ्या देखत बेल वाजवून पीएचडीच्या एका मुलाला बोलावलं. त्यानं उभ्या उभ्या सही केली. वाचलंही नाही.

मी केबिनमधून बाहेर आले. आयुष्यात पहिल्यांदा मी नाही म्हटलं होतं आणि छत पडलं नव्हतं. मला आणखी नाही म्हणायचं होतं. सगळ्यांसमोर म्हणायचं होतं.

बांधकाम सुरू होण्याआधी अहवाल सरकारी अभियंत्याकडून तपासून घ्यायचा होता. पंधरा दिवसांत तपासणी आहे हे मला क्लार्ककडून कळलं. त्या पंधरा दिवसांत मी सरांकडं एकदा जाऊ शकले असते. दार लावून, शांतपणे, पुन्हा एकदा समजावून सांगू शकले असते. मी गेले नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण नंतर लोकांनी मला भाबडी ठरवायचा प्रयत्न केला. मी भाबडी नव्हते. त्या मुलींना इजा होणार नाही हे मी पाहिलं होतं, तपासणीआधी पायाची कुदळ पडणार नव्हती. बाकी मला सर उघडे पडायला हवे होते. बंद दाराआड नाही. माणसं बसलेल्या खोलीत.

मी तेवढे दिवस यंत्र पुसलं, व्हॉल्व्हला तेल दिलं, ठोकळा कापडात गुंडाळून ठेवला.

तपासणीला एक बाई आल्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, पायात धुळीचे बूट. त्यांच्याबरोबर एक कनिष्ठ अभियंता. आमच्याकडून मोठे सर, दोन विश्वस्त, पीएचडीची मुलं. मी दाराशी. शेखचाचा काहीतरी निमित्त काढून व्हरांड्यात घुटमळत होते.

मॅडमनी कॅलिब्रेशन मागितलं. सरांनी छापील कोष्टक दिलं. त्यांनी तारीख पाहिली. मग यंत्राकडं पाहिलं. बाकी यंत्राचा रंग फिका पडलेला, झाकण कोरं करकरीत.

"झाकण बदललंय?"

"किरकोळ दुरुस्ती," सर म्हणाले.

"त्यानंतर कोष्टक केलं?"

सर म्हणाले, तसा फारसा फरक पडत नाही. मॅडमनी त्या मुलाला, ज्यानं सही केली होती, दाब चढवून दाखवायला सांगितलं. त्यानं चुकीचा व्हॉल्व्ह धरला. मॅडमनी त्याचा हात बाजूला केला आणि खोलीला उद्देशून विचारलं, ठोकळा आहे का?

"आहे, मॅडम," मी म्हणाले. आणि आत गेले. कुणी बोलावण्याची वाट पाहिली नाही.

मातीसाठी आठवडे लागतात. लोखंडाला काही मिनिटं पुरतात. मी ठोकळा बसवला, झाकण आवळलं, दाब चढवला, काटा शून्यावर आणला. मग एकेक पायरी दाब उतरवत गेले आणि आकडा मोठ्यानं सांगत गेले. त्या मुलाला मॅडमनी फळ्यापाशी उभं केलं होतं. त्यानं माझा आकडा लिहायचा, त्यातून छापील कोष्टकातला आकडा वजा करायचा, उत्तर पुढं लिहायचं. उत्तर शून्य यायला हवं. लोखंड आहे ते.

पहिलं उत्तर शून्याखाली. मुलानं पुन्हा वजाबाकी केली. तेच.

दुसरं त्याहून खाली. तिसरं आणखी.

विश्वस्तांपैकी एकाला कळेना. त्यांनी विचारलं, याचा अर्थ काय?

मोठे सर फळ्याकडं बघत होते. मी काट्यावरून मान वर केली आणि म्हणाले, "साहेब, याचा अर्थ असा की लोखंड आकसलं. पाणी मिळाल्यावर लोखंड आकसतं, असं आमच्या अहवालात आहे. मातीचंही तसंच मोजलंय."



मॅडमनी विचारलं, दुसरं कोष्टक आहे? मी पिशवीतून कार्बनची वही काढली. मुलाच्या हातातून खडू घेतला, आणि तेच आकडे माझ्या कोष्टकातून वजा केले. शून्य. शून्य. एका जागी केसभर फरक. शून्य.

"हे कुणी केलं?" मॅडमनी विचारलं.

सरांनी तोंड उघडलं. मी त्यांना संधी दिली नाही.

"मी. प्रत्येक पानावर सही आहे."

मॅडम वही बघायला यंत्रापाशी आल्या. सरही पुढं झाले, झाकणावर हात टेकवायला लागले. मी म्हणाले, "सर, जरा बाजूला व्हा. हात ओले आहेत तुमचे."

खरंच ओले होते. घाम सुटला होता.

ते बाजूला झाले. सगळ्यांसमोर, माझ्या सांगण्यावरून, एक पाऊल मागं. मला त्या क्षणी काय वाटलं ते मी लपवणार नाही. दया वाटली नाही. मला बरं वाटलं. दोन वर्षं तहानलेल्या माणसानं पाणी प्यावं तसं बरं वाटलं. आणि मला आणखी प्यायचं होतं.

अहवाल परत गेला. काष्टीची चाचणी दुसरीकडं पुन्हा झाली, माझ्या आकड्यांच्या जवळ आली. पाया बदलला, खोल घेतला. वसतिगृह बांधतायत. इथपर्यंत ऐकून लोक म्हणतात, वा, न्याय झाला. काही झालेला नाही.

मोठे सर अजून विभागप्रमुख आहेत. "तांत्रिक चूक" असा शब्द वापरून फाईल बंद झाली. त्यांचा लेख छापलेला आहे तसाच आहे. ज्या मुलानं सही केली त्याला डॉक्टरेट मिळाली. माझी बदली जुन्या उत्तरपत्रिकांच्या खोलीत. तिथं खिडकी नाही. यंत्राला कुलूप आहे, किल्ली सरांकडं. आणि मला आरोपपत्र आलं. वरिष्ठांचा अवमान, परवानगीशिवाय नोंदी घरी नेणं, आणि आकसबुद्धीनं संस्थेची बदनामी. सोबत माफीनाम्याचा मसुदा, टाईप केलेला. फक्त सही करायची.

शेखचाचा निवृत्तीला आलेत. त्यांना बोलावून सांगण्यात आलं की साक्ष द्यायची गरज नाही. माझ्याकडं आले, बराच वेळ बसले. म्हणाले, "बेटा, खरं हाय ते मी सांगनार. पर मला भीती वाटती, हे बी खरं हाय." मी त्यांना चहा दिला. भीती वाटणाऱ्या माणसानं साक्ष देणं माझ्यासाठी पुष्कळ आहे.

पाळकसाहेब घरी येऊन क्षमेबद्दल बोलून गेले. मी त्यांना म्हणाले, मागितली तर विचार करीन. अजून कुणी मागितलेली नाही, उलट माझ्याकडंच मागतायत. आई दारात बसून ऐकत होती. पाळकसाहेब गेल्यावर तिनं माझ्या ताटात एक भाकरी जास्त वाढली.

गेल्या सोमवारी चौकशी झाली. तीन माणसं, लांब टेबल. मोठे सर एका बाजूला, पाय एकावर एक टाकून. अध्यक्षांनी माफीनामा माझ्यापुढं सरकवला. आवाज मऊ होता. म्हणाले, तुमचे आकडे बरोबर होते हे आम्ही नाकारत नाही. प्रश्न हेतूचा आहे. तुम्ही हे तत्त्वासाठी केलं, की सरांवरच्या आकसापोटी? तत्त्वासाठी असं लिहून दिलंत तर आम्हाला मार्ग काढता येईल.

मला कळलं, काय चाललंय. त्यांना मला देवी करायचं होतं. राग नसलेली, तक्रार नसलेली, गोड बाई. तशी बाई झाले की सरांनी मला काय केलं ते विचारायची गरज उरत नाही.

मी म्हणाले, "लिहून घ्या. आकस होता. आकडे बरोबर होते. दोन्ही माझ्या नावावर लिहा."

लिहून घेणारा माणूस अध्यक्षांकडं बघायला लागला.

"लिहा," मी म्हणाले. "मी थांबते."

त्यानं लिहिलं. मी वाचून पाहिलं, आणि त्याखाली सही केली, पूर्ण नावानं. माफीनामा तिथंच टेबलावर राहिला. मी त्याला हात लावला नाही.

झाकण बदलल्यानंतर जुनं कोष्टक वापरून आणखी दोन अहवाल गेलेत. एक देवळाली प्रवऱ्याकडच्या पाण्याच्या टाकीचा, एक जामखेडच्या बाजूच्या शाळेचा. त्यांचे मूळ आकडे माझ्या पेटीत आहेत. दोन्हींसाठी मी लेखी अर्ज दिलेत, सरकारी कार्यालयात, संस्थेत, आणि त्या दोन्ही गावांच्या ग्रामपंचायतीत. पोच घेतली आहे. नोकरी जाईल असं सगळे म्हणतात. जाऊ दे. मी नगर सोडणार नाही. ते प्रमुख राहोत की निवृत्त होवोत, मी त्यांना एकेका अहवालासाठी लोकांसमोर उभं करणार आहे, आणि वजाबाकी त्यांच्याच हातानं करवून घेणार आहे. टाकीचं झालं की शाळेचं. मला घाई नाही.